हिंदी सिनेमात रॉक अँड रोल वाजवणारा पुणतांब्याचा अण्णा, ज्याची गाणी राहिली आणि नाव मागे पडलं

लग्नाची वरात असो, कॉलेजचं गॅदरिंग असो नाहीतर अलिबागवरून मुरुडकडे निघालेली सहलीची बस असो. कधीतरी कुणीतरी ‘ईना मीना डिका’ लावतंच आणि मग आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांचे पाय हलायला लागतात. गाण्यातल्या अर्ध्याअधिक शब्दांना काहीच अर्थ नाही, तरी ते सगळ्यांना पाठ आहेत.

आता विचारा, हे गाणं कुणाचं? उत्तर येतं, किशोर कुमारचं. बरोबर आहे, गायलंय किशोर कुमारनेच. पण चाल कुणाची?

इथे बहुतेक जण थांबतात.

दर २६ जानेवारीला आणि १५ ऑगस्टला शाळेच्या मैदानावर ‘ऐ मेरे वतन के लोगो’ वाजतं. चाल कुणाची? पुन्हा तोच माणूस. लहानपणी घराघरात ऐकलेलं ‘पप्पा सांगा कुणाचे’ कुणाचं? तेही त्याचंच.

त्या माणसाचं नाव रामचंद्र नरहर चितळकर. सिनेसृष्टीसाठी सी. रामचंद्र, जवळच्या माणसांसाठी अण्णा. शंभराहून जास्त हिंदी सिनेमांना संगीत देणारा, त्यातली काही गाणी स्वतःच गाणारा आणि देशभर रॉक अँड रोलचं वारं नुकतं कुठे लागत होतं तेव्हा ते हिंदी सिनेमात घुसवणारा हा मराठी माणूस. त्याने हे जमवलं कसं आणि एवढं करूनही तो मागे कसा पडला, त्याची ही गोष्ट.

हिरो व्हायला आला, पेटीवर बसला

पुणतांबा हे नाव तुम्ही २०१७ च्या शेतकरी संपाच्या बातम्यांमध्ये ऐकलं असेल. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं, शिर्डीच्या जवळचं गोदाकाठचं गाव. १२ जानेवारी १९१८ ला अण्णांचा जन्म या गावात झाला.

गाण्याचं शिक्षण घेतलं ते पुण्यात, गांधर्व महाविद्यालयात, विनायकबुवा पटवर्धनांकडे. विनायकबुवा म्हणजे विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य, ग्वाल्हेर घराण्याचे गवई. तिथे राग, ताल, बंदिश यांत कुणाला सूट नसायची. पुढे ज्या माणसावर पाश्चात्य संगीताने वेडावल्याचा शिक्का बसला, त्याचा पाया हा असा पक्का रागदारीचा होता. पुढची सगळी गोष्ट समजून घ्यायची तर हे आधी लक्षात ठेवायला लागतं.

पण पोराला गवई व्हायचं नव्हतं, त्याला सिनेमात काम करायचं होतं. १९३५ मध्ये वाय. व्ही. राव यांच्या ‘नागानंद’ या सिनेमात चक्क नायकाची भूमिका मिळाली. पण नायक म्हणून गाडी पुढे गेली नाही. मग सोहराब मोदींच्या मिनर्व्हा मूव्हिटोनमध्ये ‘सईद-ए-हवस’, ‘आत्मतरंग’ अशा सिनेमांत छोटी छोटी कामं केली.

चेहऱ्याने साथ दिली नाही तरी बोटं कामाला आली. मिनर्व्हामध्ये बुंदू खान आणि हबीब खान हे संगीतकार होते, त्यांच्या हाताखाली अण्णा पेटी वाजवायला बसले. गाणं कसं बांधलं जातं, गायकाकडून ते कसं घोटून घेतलं जातं, कुठे तबला थांबवायचा आणि कुठे व्हायोलिन सोडायचं, हे सगळं ते पेटीमागे बसून शिकले.

दादाची साथ

याच काळात त्यांची गाठ पडली भगवान पालव यांच्याशी. म्हणजे आपले भगवानदादा. गिरणी कामगाराचा मुलगा, अंगाने पैलवान, मारधाडीचे स्वस्तातले सिनेमे काढणारा आणि नाचाचं वेड असलेला. दोघेही मराठी, दोघांनाही कुणी मोठा हात देणारा नव्हता. जमलं.

गंमत म्हणजे संगीतकार म्हणून अण्णांची सुरुवात हिंदीतून किंवा मराठीतून झालीच नाही, ती झाली तमिळमधून. ‘जयक्कोडी’ (१९४०) आणि ‘वनमोहिनी’ (१९४१) हे ते दोन सिनेमे. ‘वनमोहिनी’ भगवानदादांनीच दिग्दर्शित केला होता. १९४२ मध्ये दादांच्याच ‘सुखी जीवन’ने अण्णांना हिंदीत आणलं.

त्यानंतर काम वाढत गेलं आणि नावंही वाढली. कुठे राम चितळकर, कुठे अण्णासाहेब, तर कुठे शामू. शेवटी सी. रामचंद्र हे नाव पक्कं झालं. स्वतः गायचे तेव्हा मात्र रेकॉर्डवर ‘चितळकर’ असं नाव असायचं. त्यामुळे संगीतकार आणि गायक हे दोन वेगळे इसम आहेत असं मानणाऱ्यांचीही कमी नव्हती.

सगळं बदलणारं १९४७

१९४७ मध्ये फिल्मिस्तानचा ‘शहनाई’ आला. लेखक-दिग्दर्शक होते पी. एल. संतोषी. त्यातल्या ‘आना मेरी जान संडे के संडे’ या गाण्याने धुमाकूळ घातला. मीना कपूर, शमशाद बेगम आणि स्वतः चितळकर यांनी ते गायलं होतं.

त्या काळात हिंदी गाणं म्हणजे साधारणपणे तबला, सारंगी, सतार, बासरी, सोबतीला व्हायोलिनचा ताफा. आणि इथे गिटार, माउथ ऑर्गन, वर चक्क शिट्टी. विषय काय, तर रविवारी भेटायला ये. इंग्रजी आणि हिंदीची खिचडी करून बोलणारा साहेबी थाटाचा नायक. लोक खूश झाले आणि जाणकारांनी नाकं मुरडली. हे काय संगीत आहे, हा थिल्लरपणा आहे, असा सूर लागला.

अण्णा थांबले नाहीत. १९४९ च्या ‘पतंगा’मध्ये त्यांनी टेलिफोनवरचं गाणं केलं, ‘मेरे पिया गए रंगून’. नवरा रंगूनला, बायको डेहराडूनला आणि मधे फोनची तार. शमशाद बेगम आणि चितळकर यांनी गायलेलं हे गाणं आज रीलवर वाजतं तेव्हा वाजवणाऱ्याला ते पाऊणशे वर्षांचं आहे हे माहीतही नसतं.

१९५० मध्ये ‘समाधी’ आला. सिनेमा आझाद हिंद सेनेवरचा, पण गाजलं ते ‘गोरे गोरे ओ बांके छोरे’. ही चाल ‘चिको चिको फ्रॉम प्वेर्तो रिको’ या लॅटिन ढंगाच्या गाण्यावरून घेतलेली होती. कारमेन मिरांडाने १९४५ च्या ‘डॉल फेस’ या हॉलिवूडपटात ते गायलं होतं. इथे अण्णांवर उचलेगिरीचा आरोप होतो आणि या गाण्यापुरता तो खोटा म्हणता येत नाही.

पण पुढचा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. परदेशी चाल उचलणारे त्या काळात बरेच होते. मग अण्णांचीच गाणी आपल्याकडे अशी मुरली कशी?

गोव्याचे वादक, पुण्याची तालीम

याचं उत्तर मुंबईच्या तेव्हाच्या हॉटेलांमध्ये सापडतं.

१९३० च्या दशकापासून ताजसारख्या हॉटेलांमध्ये जॅझचे बँड वाजायचे. आधी परदेशी वादक होते, मग त्यांच्या सोबतीला आणि नंतर त्यांच्या जागी गोव्याचे वादक आले. पोर्तुगीजांच्या काळात गोव्यात चर्चच्या शाळांमधून मुलांना व्हायोलिन, ट्रम्पेट आणि मुख्य म्हणजे स्टाफ नोटेशन शिकवलं जायचं. त्यामुळे गोव्याहून मुंबईत आलेला पोरगा समोरचा कागद वाचून थेट वाजवू शकायचा.

हे नोटेशन फार कामाचं होतं. आपली पद्धत तोंडी. चाल पेटीवर गाऊन दाखवायची, वादकांनी कानाने उचलायची. चार वादक असतील तर हे जमतं. चाळीस वादक असतील आणि ट्रम्पेटने काय वाजवायचं, सॅक्सोफोनने काय, व्हायोलिनने मागे काय धरायचं हे सगळं वेगवेगळं असेल, तर ते लिहूनच काढावं लागतं. हे लिहून काढणाऱ्याला अरेंजर म्हणतात. हिंदी सिनेमात ही कामं मोठ्या प्रमाणावर गोव्याच्या लोकांनी केली.

त्यातच १९४९ च्या कायद्याने मुंबईत दारूबंदी आली. नाइट क्लबांचा धंदा बसला. तिथे वाजवणाऱ्यांना सिनेमाच्या स्टुडिओचाच आधार उरला. म्हणजे अण्णांना जसा आवाज हवा होता तो वाजवणारी माणसं नेमकी तेव्हाच मोकळी होती.

अण्णांच्या गाण्यांमध्ये ज्याचा मोठा हात होता तो चिक चॉकलेट. खरं नाव अंतोनियो झेवियर वाझ, गाव गोव्यातलं हळदोणे. ट्रम्पेट असा वाजवायचा की लोक त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. जॉन गोम्स हेही अण्णांचे सहायक. या लोकांनी अमेरिकन स्विंग कोळून प्यायला होता. अण्णा स्वतः बेनी गुडमनच्या संगीताने भारावलेले होते.

आता हे काम कसं चालायचं ते बघा. चाल अण्णांची, आणि ती यायची रागदारीत घोटलेल्या गळ्यातून. गाणं सहज गुणगुणता यायला हवं. त्यामुळे मुखडा सोपा आणि जिथे मराठी-हिंदी कानाला ठेहराव हवा असतो तिथेच ठेहराव. मग त्या चालीभोवती गोव्याचे वादक ट्रम्पेट, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन रचायचे. खाली ठेक्याला आपला केरवा. केरवा आठ मात्रांचा आणि पाश्चात्य नाचगाण्यांचा ठेका चार-चारचा. गणित आपोआप जुळतं. तबला काढून बोंगो ठेवला तरी ऐकणाऱ्याच्या पायाला परकं वाटत नाही.

अण्णांच्या प्रयोगाचं गुपित एवढंच आहे. बाहेरचा साज त्यांनी मोकळ्या हाताने घेतला आणि गाण्याचा कणा घरचा ठेवला.

अलबेला

हे सगळं एकत्र आलं ते १९५१ च्या ‘अलबेला’मध्ये.

मारधाडपट काढणाऱ्या भगवानदादांनी पहिल्यांदाच मोठा सामाजिक सिनेमा काढायचं धाडस केलं. नायक स्वतः, नायिका गीता बाली. संगीताला जुना दोस्त अण्णा, गीतं राजेंद्र कृष्ण यांची.

‘शोला जो भडके’, ‘भोली सूरत दिल के खोटे’, ‘शाम ढले खिडकी तले’. एकाच सिनेमात एवढी गाणी आणि सगळी हिट. ‘शोला जो भडके’मध्ये बोंगो, ओबो, ट्रम्पेट, क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन असा सगळा ताफा. त्यावर भगवानदादांचा तो हात लोंबकळत ठेवून केलेला साधा नाच, जो आजही गणपतीच्या मिरवणुकीत कुणालाही जमतो. लता मंगेशकरांसोबत पुरुषाचा आवाज कुणाचा, तर स्वतः चितळकरांचा.

चिक चॉकलेट आणि त्याचे वादक तर या सिनेमात पडद्यावरही दिसले. हे विशेष होतं, कारण एरवी अशा वादकांची नावं श्रेयनामावलीतही क्वचितच यायची.

आणि याच सिनेमात ‘धीरे से आजा री अंखियन में’ ही अंगाई आहे. पिलू रागातली, हळुवार. एकीकडे बोंगो, दुसरीकडे पिलू, दोन्ही एका तिकिटात. अण्णांना थिल्लर म्हणणाऱ्यांची इथे पंचाईत झाली.

मग त्यांनी अनारकली केली

१९५३ चा ‘अनारकली’ हा त्या टीकेला मिळालेला सगळ्यात जोरदार जबाब. मुघल दरबार, बीना राय आणि प्रदीप कुमार. इथे सॅक्सोफोनला काम नव्हतं. ‘ये ज़िंदगी उसी की है’ भीमपलासीवर आधारलेलं. ‘जाग दर्द-ए-इश्क जाग’ बागेश्रीत, हेमंत कुमार आणि लताबाईंच्या आवाजात. विनायकबुवांची तालीम इथे दिसते.

सिनेमा तुफान चालला आणि त्यात गाण्यांचा वाटा मोठा होता.

कामाचा वेगही बघा. एकट्या १९५० मध्ये ‘समाधी’, ‘सरगम’, ‘निराला’, ‘संग्राम’. १९५१ मध्ये ‘अलबेला’सोबत ‘सगाई’ आणि ‘खजाना’. १९५५ मध्ये दिलीप कुमारचे ‘आझाद’ आणि ‘इन्सानियत’ दोन्ही त्यांच्याकडेच. ‘आझाद’बद्दल असं सांगितलं जातं की दाक्षिणात्य निर्माते श्रीरामुलू नायडूंना सगळी गाणी महिनाभरात हवी होती, नौशादांनी एवढ्या घाईत काम करायला नकार दिला आणि अण्णांनी ते करून दाखवलं. त्यातलं ‘अपलम चपलम’ आजही शाळेच्या स्नेहसंमेलनात नाचलं जातं. ‘कितना हसीं है मौसम’ हे द्वंद्वगीत तर त्यांनी लताबाईंसोबत स्वतःच गाऊन टाकलं.

याच धामधुमीत त्यांनी न्यू साई प्रॉडक्शन्स नावाची स्वतःची संस्था काढून ‘झांझर’, ‘लहरें’, ‘दुनिया गोल है’ असे सिनेमेही काढले.

रेडिओवर बंदी आणि ईना मीना डिका

इथे थोडं राजकारण समजून घ्यायला लागतं.

१९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्रात माहिती आणि प्रसारण मंत्री झाले. तेही मराठी, पुण्याचे आणि शास्त्रीय संगीताचे कट्टर चाहते. हिंदी सिनेमाची गाणी लोकांची अभिरुची बिघडवतायत, त्यात पाश्चात्य संगीताची भेसळ वाढलीय, असं त्यांचं ठाम मत होतं. त्यांच्या काळात ऑल इंडिया रेडिओवरून सिनेमाची गाणी जवळजवळ गायब झाली.

लोकांनी काय केलं? रेडिओची सुई फिरवली आणि श्रीलंकेचं स्टेशन लावलं. १९५२ च्या अखेरीस रेडिओ सिलोनवर अमीन सयानींची बिनाका गीतमाला सुरू झाली आणि बघता बघता घराघरात पोचली.

एक पुण्याचा मराठी माणूस दिल्लीत बसून ठरवत होता की देशाने काय ऐकू नये, आणि पुण्यात गाणं शिकलेला दुसरा मराठी माणूस मुंबईत बसून नेमकं तेच बनवत होता. भांडण एकाच प्रश्नाचं होतं. आपलं संगीत म्हणजे काय आणि ते ठरवायचं कुणी?

अण्णांनी यावर भाषणं दिली नाहीत, गाणी केली. १९५२ च्या ‘शिनशिनाकी बूबला बू’ या सिनेमात त्यांनी रॉकच्या अंगाने जाणारा ठेका वापरला. अमेरिकेत बिल हेलीचं ‘रॉक अराउंड द क्लॉक’ रेकॉर्ड झालं ते १९५४ ला. एल्विस प्रेस्ली जगभर पोचला १९५६ ला. आणि १९५७ मध्ये आला एम. व्ही. रामन यांचा ‘आशा’.

त्यातल्या ‘ईना मीना डिका’च्या जन्माची गोष्ट मजेशीर आहे. अण्णा आणि राजेंद्र कृष्ण गाण्यावर डोकं खाजवत बसले होते. बाहेर मुलं खेळत होती आणि कुणावर राज्य येणार हे ठरवायला इंग्रजी बडबडगीत म्हणत होती. त्यातून गाण्याची सुरुवात सुचली. मग जॉन गोम्सनी त्यात मला नको अशा अर्थाचे दोन कोकणी शब्द टाकून दिले. अशी ही कथा संगीताच्या वर्तुळात वर्षानुवर्षं सांगितली जाते. म्हणजे ज्या ओळी आपण निरर्थक समजून ओरडतो, त्यात गोव्याची बोली लपलेली आहे.

जॅझमध्ये अशा बिनअर्थाच्या शब्दांनी गाण्याला स्कॅट म्हणतात. गायकाचा आवाजच ट्रम्पेटसारखा वापरायचा. आपल्याकडे तराण्यात जे होतं त्याच्याशी याचं नातं लावता येतं, त्यामुळे रागदारी शिकलेल्या अण्णांना हा प्रकार अनोळखी वाटला नसावा. ठेका मात्र सरळ रॉक अँड रोलचा. गाण्याच्या दोन आवृत्त्या झाल्या, एक किशोर कुमारची आणि एक आशा भोसलेंची.

योगायोग असा की त्याच १९५७ च्या ऑक्टोबरमध्ये सरकारला विविध भारती सुरू करावी लागली आणि सिनेमाची गाणी अधिकृतपणे घरच्या रेडिओवर परत आली.

माणसं तुटली

इथून पुढची गोष्ट उताराची आहे.

अण्णांचे सगळे प्रयोग माणसांच्या जिवावर उभे होते. नाचायला भगवानदादा, लिहायला राजेंद्र कृष्ण, वाजवायला चिक चॉकलेट आणि मंडळी, गायला लता मंगेशकर. लताबाईंनी त्यांच्याकडे जवळपास तीनशे गाणी गायली. नाजूक, आर्त, अवघड चाली बांधताना अण्णांच्या डोक्यात तोच आवाज असायचा.

१९५० च्या दशकाच्या शेवटी हे नातं तुटलं. का तुटलं, याची दोन्ही बाजूंनी वेगवेगळी कारणं सांगितली गेली. पण ज्या काळात लताबाई हिंदी सिनेमातल्या पहिल्या क्रमांकाच्या गायिका होत्या, त्या काळात त्यांच्याविना उभं राहणं हे कुठल्याही संगीतकारासाठी फार अवघड होतं.

तरीही १९५९ मध्ये व्ही. शांतारामांच्या ‘नवरंग’ला अण्णांनी जे संगीत दिलं, ते आजही होळीच्या दिवशी वाजतं. आशा भोसले आणि नव्या दमाचे महेंद्र कपूर यांना घेऊन केलेलं ‘आधा है चंद्रमा’ मालकंसातलं. लताबाईंशिवायही अण्णा काय करू शकतात याचा तो पुरावा होता. पण पुरावा असला म्हणून निर्माते येतातच असं नाही.

१९६० चं दशक उजाडलं तेव्हा बाजार बदलला होता. शंकर-जयकिशनचा भव्य वाद्यवृंद आणि ओ. पी. नय्यरचा टांग्याचा ठेका लोकांच्या तोंडी होता. अण्णांनी ज्या वाटा पाडल्या, त्यावरून आता दुसऱ्यांच्या गाड्या धावत होत्या. तिकडे भगवानदादांचंही गणित बिघडलं. ‘अलबेला’नंतरचे सिनेमे पडले, पैसा गेला आणि ते पुन्हा दादरच्या चाळीत राहायला आले.

२७ जानेवारी १९६३

१९६२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये चीनशी युद्ध झालं आणि देशाने जबर मार खाल्ला. पुढच्या प्रजासत्ताक दिनाच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे २७ जानेवारी १९६३ ला दिल्लीच्या नॅशनल स्टेडियमवर सिनेसृष्टीचा मोठा कार्यक्रम ठरला. समोर राष्ट्रपती राधाकृष्णन आणि पंतप्रधान नेहरू.

त्यासाठी कवी प्रदीप यांनी गीत लिहिलं, चाल अण्णांनी दिली आणि गायला लता मंगेशकर उभ्या राहिल्या. वर्षांचा अबोला या एका गाण्यापुरता बाजूला पडला.

या चालीत अण्णांनी काय केलं बघा. युद्धावरचं गाणं म्हटलं की ढोल, बिगुल, वीरश्री हे ओघाने आलं. हे सगळं त्यांना चांगलं जमत होतं, बँड वाजवण्यात तर त्यांचा हात कुणी धरत नव्हतं. पण त्यांनी ते सगळं टाळलं. सुरुवात एखाद्याने शेजारी बसून सांगावं तशी केली. आवाज चढतो तो शहीद जवानांची आठवण येते तिथे. देश हरला होता आणि लोकांना त्या घडीला रडायला जागा हवी होती. ती जागा या चालीने दिली.

नेहरूंचे डोळे पाणावले ही गोष्ट देशभर पसरली. गाणं लताबाईंच्या नावाने अजरामर झालं, त्यानंतर कवी प्रदीप यांचं नाव येतं. चाल देणाऱ्याचं नाव बहुतेकदा येतच नाही.

शेवटी मराठीत

हिंदीतलं काम कमी झालं तसे अण्णा मराठीकडे वळले. १९६६ मध्ये ‘धनंजय’ आणि १९७० मध्ये ‘घरकुल’.

‘घरकुल’ ऐकलं की वाटतं हा माणूस अजिबात थकला नव्हता. सुरेश भटांची ‘मलमली तारुण्य माझे’ ही रचना आशाबाईंच्या आवाजात, मराठी भावगीताच्या सगळ्यात तलम कपड्यात. त्याच सिनेमात ‘पप्पा सांगा कुणाचे’. आणि त्याच सिनेमात ‘नंबर फिफ्टी फोर’, जे ‘हाउस ऑफ बांबू’ या इंग्रजी गाण्यावर बेतलेलं आहे. म्हणजे १९४७ ची जुनी खोड १९७० मध्येही शाबूत होती.

ग. दि. माडगूळकरांच्या ‘गीतगोपाल’लाही त्यांनीच चाली दिल्या आणि ते स्वतः गायलं. हिंदी सिनेमात शिट्ट्या वाजवणारा माणूस कृष्णाच्या गोष्टी गात होता, आणि ज्यांनी त्यांचं पुण्यातलं शिक्षण लक्षात ठेवलं होतं त्यांना यात काहीच नवल वाटलं नाही.

१९७७ मध्ये त्यांचं आत्मचरित्र आलं, ‘माझ्या जीवनाची सरगम’. त्यातल्या खाजगी गोष्टींवरून भरपूर वाद झाला. लोकांनी गाण्यांपेक्षा भानगडींची चर्चा जास्त केली आणि संगीतकार म्हणून त्यांनी नेमकं काय केलं हे पुन्हा एकदा बाजूला राहिलं.

५ जानेवारी १९८२ ला मुंबईत अण्णांचं निधन झालं. चौसष्टावा वाढदिवस एका आठवड्यावर होता.

मग हिशेब काय?

आज फ्यूजन हा शब्द कुठल्याही कॉन्सर्टच्या पोस्टरवर दिसतो. तबला आणि ड्रम एका मंचावर आले की टाळ्या पडतात. अण्णांनी हे केलं तेव्हा त्याला नाव नव्हतं, टाळ्या पिटात पडत होत्या आणि शिव्या वर्तमानपत्रात. ते परदेशी सूर घेत होते हे खरं. काही ठिकाणी सरळ उचलत होते हेही खरं. पण नुसत्या उचलण्यातून ‘अनारकली’ होत नाही आणि नुसत्या रागदारीतून ‘शोला जो भडके’ होत नाही. दोन्ही येणारी माणसं तेव्हाही मोजकी होती.

आणि त्यांचं नाव आपण विसरलो म्हणून हळहळताना एवढंही लक्षात ठेवायला हवं की त्यांच्या मागे बसून ट्रम्पेट वाजवणाऱ्या, रात्ररात्र जागून नोटेशन लिहिणाऱ्या हळदोण्याच्या आणि मडगावच्या कितीतरी लोकांची नावं रेकॉर्डवर कधी छापलीच गेली नाहीत.

यूट्यूबवर ‘अलबेला’ची गाणी सहज सापडतात. पुढच्या वेळी बघाल तेव्हा भगवानदादांच्या पायांसोबत मागचा ट्रम्पेटही ऐका. आणि गाण्याखाली कमेंट टाकणार असाल, तर संगीतकाराचं नाव लिहायला विसरू नका.